पाणी किती दिवस थांबतं

“बाई, एवढ्या रातीची काय शोधून राहिली वो?”

मामा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा होता. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात बॅटरी. मी बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, काठाला उकिडवी बसून त्याला हातानेच थांबायला सांगत होते. माझ्या पायापासून वीतभर अंतरावर अंगठ्याच्या पेराएवढा एक बेडूक गळा फुगवून ओरडत होता आणि उजेड पडला की तो गप्प होणार हे मला माहीत होतं. मृग लागून बारा दिवस झाले होते. रोज आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. त्या संध्याकाळी मात्र दोन तास असा कोसळला की पांदणीत गुडघाभर पाणी झालं. नऊच्या सुमाराला पाऊस थांबला आणि जमिनीलाच कंठ फुटल्यासारखा आवाज सुरू झाला. मामाशी बोलायला मला उठून त्याच्या अगदी जवळ जावं लागलं, इतका.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. त्यामुळे तो रागावला नाही. बॅटरी विझवून शेजारी उभा राहिला आणि ऐकायला लागला.

मामाचं गाव रामटेकच्या पुढे, पेंचच्या कालव्यावर भिजणाऱ्या धानपट्ट्यात. एका अंगाला बांध्या, दुसऱ्या अंगाला सागाची टेकडी आणि मधे झुडपी जंगलाचा पट्टा. मी नागपुरात राहते, शाळेत गणित शिकवते. गेले चार पावसाळे सुट्टी मिळेल तशी येऊन या तिन्ही ठिकाणी रात्री फिरते आणि कोण कुठे ओरडतंय ते वहीत लिहिते. पहिल्या वर्षी सहज मोबाइलवर आवाज टिपला होता. घरी तो पुन्हा पुन्हा ऐकताना लक्षात आलं की लहानपणापासून ज्याला मी ‘बेडूक ओरडताहेत’ एवढंच म्हणत आले, त्या कल्लोळात निदान पाच वेगवेगळे गळे आहेत. चाळिशी ओलांडल्यावर हे कळावं याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून वही सुटली नाही.

गावात सगळ्यांना एकच नाव आहे, बेंडूक. खरखरीत कातडीचा, उड्या न मारता सरपटत चालणारा जो, त्याला पुस्तकात भेक म्हणतात; गावात तोही बेंडूकच. मला आधी हा आपल्या भाषेचा तोकडेपणा वाटला. मग ऋग्वेदातलं मंडूकसूक्त वाचलं, सातव्या मंडलातलं १०३ वं. त्यात म्हटलंय की यांच्यातला एक गाईसारखा हंबरतो, एक बोकडासारखा ओरडतो, एक ठिपक्यांचा आहे, एक हिरवा. नाव सगळ्यांचं एक आणि रूपं निरनिराळी. ज्याने कोणी हे रचलं तो पावसानंतर पाण्याच्या काठी बसला असणार, आणि एका रात्रीत उठून गेला नसणार. त्याच सूक्तात बेडूक वर्षभर व्रतस्थासारखे निजून राहतात आणि पर्जन्य आला की बोलू लागतात असंही आहे. ही काव्यातली कल्पना म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. आमच्या मातीत खरंच तसं घडतं, ते पुढे सांगते.

आवाज ओळखायला लागल्यावर अंधारातही जागा दिसू लागल्या. पायाजवळ ओरडणारा तो चिमुकला मायक्रोहायला. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तशी त्याची खरखर. अंग जेमतेम अडीच सेंटिमीटर आणि आवाज शंभर पावलांवर पोचणारा. तो खोल पाण्यात कधी सापडला नाही. बैलाच्या खुराचा ठसा, ट्रॅक्टरच्या चाकोरीत साचलेलं पाणी, बांधीचा उथळ कोपरा, एवढंच त्याला हवं. धुऱ्याच्या गवतातून टिकटिक करतो तो क्रिकेट फ्रॉग. याला किडा समजून मी पहिलं वर्षभर वहीत घेतलाच नव्हता. कालव्याच्या चारीत, जिथे उन्हाळ्यातही थोडंफार पाणी असतं, तिथे डोळे तेवढे वर काढून तरंगणारा आणि पाऊल वाजलं की पाण्यावरून ठिकरीसारखा टप्पे घेत पळणारा युफ्लिक्टिस. भेकांचा सूर लांबलचक, सायकलच्या घंटीसारखा थरथरता. आणि या सगळ्यांच्या खाली, ढोलावर थाप पडावी तसा, मोठ्या बेडकाचा आवाज.

हा मोठा बेडूक म्हणजे इंडियन बुलफ्रॉग. एरवी शेवाळी-तपकिरी, गवतात दिसतही नाही. पहिल्या दमदार पावसानंतर मात्र याचे नर लिंबासारखे पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगतात. हे दोनचार दिवसांचंच. जुलै २०२० मध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूर जिल्ह्यातला असल्याच पिवळ्या बेडकांचा व्हिडिओ देशभर फिरला होता आणि लोक हा कुठला परदेशी प्राणी म्हणून विचारत होते. मी मामाला तो दाखवला तेव्हा तो म्हणाला, “हे तं नवरदेव होय वो. हळद लागली ना त्यायले.” त्याने ते दरवर्षी पाहिले होते. सकाळी नऊ-दहा वाजता, चांगल्या उन्हात, बांधीत एकमेकांवर तुटून पडणारे. हा बेडूक किडे खातो, खेकडे खातो, उंदराची पिल्लंही गिळतो. एके काळी याच्या तंगड्या आपल्या देशातून टनावारी परदेशात जात. १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. शेतात बेडूक उरले नाहीत की कीड वाढते आणि मग औषधावर पैसा जातो, हा त्या वेळच्या विरोधातला एक मोठा मुद्दा होता. मला तो आजही पटतो.

आता जंगलाविषयी. वही घेऊन फिरायला लागले तेव्हा माझ्या मनात ठरलेलंच होतं की बेडूक खरे जंगलात असणार, वावरात उरलेसुरले. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत रात्री पायी फिरता येत नाही, पण गावाच्या टेकडीवरचा साग प्रकल्पाच्या बाहेर आहे. तिथे मी सरपंचांच्या मुलाला आणि मामेभावाला घेऊन गेले. पाऊस पडून गेलेला, बांध्यांमध्ये कल्लोळ चाललेला. सागाच्या उतारावर पानांवरून थेंब गळत होते आणि बाकी काही नव्हतं. अर्धा तास उभे राहिलो. एकही बेडूक ओरडला नाही. मामेभाऊ म्हणाला, “ताई, इथं पाणी कुठं थांबते?”

तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याने मला एका वाक्यात भानावर आणलं. उतारावरचं पाणी वाहून जातं. आमच्याकडच्या बेडकाला जगायला जमीन चालते, झाड चालतं, पालापाचोळा चालतो. पण जन्माला यायला साचलेलं पाणी लागतं. जंगल म्हणून फरक पडत नाही आणि वावर म्हणूनही नाही. पाणी किती दिवस थांबतं याने फरक पडतो. उतार उतरून आम्ही नाल्यात गेलो, तिथे खडकाच्या खळग्यांत पाणी होतं आणि तिथे आवाज होता. बांधीतले ओळखीचे दोन आणि एक अनोळखी, लाकडावर कुणी बोटाने ठोकावं तसा. टक, टक, टकटक. पळसाच्या फांदीवर उजेड टाकला तर झाडबेडूक. बोटांच्या टोकांना चकत्या, अंग सुक्या पानाच्या रंगाचं. नागपुरात माझ्या न्हाणीघराच्या खिडकीत बसतो तोच!

झाडबेडकाची मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा डबक्याच्या काठाच्या गवतावर अंगातून एक स्राव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळते. अंड्याचा पांढरा बलक फेटावा तसा फेस होतो. अंडी त्या फेसात. बाहेरून तो वाळतो, आत ओल राहते. काही दिवसांनी आतली पिल्लं सुटून खालच्या पाण्यात टपकतात. मी एकदा पहाटे असा एक गोळा पाहिला. रात्री नव्हता, सकाळी होता, मुठीएवढा. खाली नाल्याचा खळगा. पुढच्या रविवारी गेले तेव्हा गोळा पिवळट पडून खालून फुटला होता आणि खळग्यात काळपट शेपट्या वळवळत होत्या. पाण्यावरची फांदी तोडली की या बेडकाचा पाळणा गेला. नाला सफाईच्या नावाखाली आपण काठावरची झुडपं पहिली काढतो, तेव्हा हे कुणाच्या ध्यानात असतं?

एवढा काळ मधला पट्टा मी सोडूनच दिला होता. झुडपी जंगल. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, हा आमच्या सरकारी कागदांतला शब्द आहे. खुरटी झुडपं, मुरमाड जमीन, गुरं चरायची जागा. शेती होत नाही आणि मोठं झाडही वाढत नाही, म्हणून कुणालाच त्याचं काही वाटत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जंगलच आहे असा निकाल दिला, तेव्हा गावात बऱ्याच जणांना नवल वाटलं. मला त्याच्या आधीच्या वर्षीच एक गोष्ट दिसली होती.

मे महिना. झुडपीत रोपं लावायला खड्डे खणणं चाललं होतं. सकाळी साडेआठलाच ऊन सोसवेना. कुदळीने उकरलेल्या मातीत लिंबाएवढा एक मातीचा गोळा होता आणि तो श्वास घेत होता. फुगीर अंग, त्यावर संगमरवरी नक्षी, इवलंसं डोकं, आखूड पाय. उपेरोडॉन, ज्याला बलून फ्रॉग म्हणतात. मागच्या तळपायाला कडक उंचवटा असतो, फावड्याच्या पात्यासारखा. त्याने तो उलटा, पाठीमागे सरकत, माती उकरतो आणि खाली जातो. वरून माती आपोआप पडते. मुंग्या, वाळवी हे त्याचं खाणं, ते जमिनीतच मिळतं. आमचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा हा फूट-दोन फूट खाली ओल धरून बसलेला असतो. पाऊस पडला की वर येतो, चार रात्री पाण्यावर तरंगत ओरडतो आणि पुन्हा खाली. सूक्तातलं व्रत ते हेच असावं असं मला तेव्हा वाटलं.

खणणाऱ्या बाईंनी तो ओंजळीत घेतला. मी फोटो काढू म्हटलं तर म्हणाल्या, “राहू द्या, ऊन लागन त्याले.” शेजारी हाताने उकरून त्याला ठेवला, वर माती लोटली, आपल्या बाटलीतलं थोडं पाणी ओतलं आणि पुढच्या खड्ड्याला लागल्या.

त्या बाटलीवरून मला आजी आठवली. पावसाने ओढ दिली की गावातली पोरं धोंडी काढायची. मुसळाला कडुनिंबाचा पाला आणि त्यात बांधलेला एक बेडूक, दोघांच्या खांद्यावर मुसळ, आणि घरोघर ‘धोंडी धोंडी पाणी दे’. प्रत्येक दारात त्यावर पाणी ओतायचं. इतर बाया तांब्या उपडा करून मोकळ्या व्हायच्या. आजी हळूहळू ओतायची, बेडकाच्या अंगावर बारीक धार धरून. पोरांची घाई चाललेली असायची तरी ती धार सोडायची नाही. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या आणि मांड्यांच्या कातडीतून ते आत घेतो, हे मला शाळा-कॉलेजात कुणी सांगितलं नाही. बारावीत आम्ही बेडूक चिरला, त्याचं हृदय टाचणीने दाखवलं, गुण मिळवले. तो पाणी कसा पितो ते नाही. आजी शाळेत गेलेली नव्हती. तिला माहीत होतं असं मी म्हणणार नाही, पण टांगलेल्या जिवाला ओल हवी एवढं तिला कळत होतं.

आणि हीच कातडी त्याचा घात करते. वावरात जे फवारलं जातं ते धुऊन डबक्यात येतं आणि डबक्यातलं बेडकाच्या अंगात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. त्यांच्या अंगावर निदान कापड होतं. तणनाशकाला लोक कीटकनाशकाइतकं भीत नाहीत, ते फक्त गवत मारतं असा समज आहे. कॅलिफोर्नियातले संशोधक टायरोन हेस यांनी २००२ मध्ये असं मांडलं की मक्यात मारतात ते अॅट्राझिन पाण्यात अब्जात ०.१ भाग इतकं जरी असलं तरी नर बेडकांत मादीची लक्षणं येतात. त्यावर पुष्कळ वाद झाला. मी त्या वादात पडत नाही. पण मामाच्या शेजारचा धुरा तणनाशकाने जळून पिवळा पडला त्या वर्षी त्या धुऱ्यावरची टिकटिक गेली, एवढं माझ्या वहीत आहे.

नागपूरच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला, उमरेडच्या वाटेवर किंवा काटोलकडे, मी पावसाळी रात्री गाडी थांबवून ऐकलंय. पराटी म्हणजे कपाशी, तूर, सोयाबीन, संत्र्याच्या बागा. मैलभर वावर आणि आवाज रस्त्याकडेच्या खड्ड्यांतूनच. आधी वाटायचं की सगळा दोष औषधाचा. आता वाटतं की त्याहून साधं कारणही आहे. धानाला पाणी साचायला लागतं, सोयाबीनला निघून जायला लागतं. काळ्या भारी जमिनीत पाणी तुंबलं की सोयाबीनची मुळं सडतात, म्हणून शेतकरी सरी काढतो, चर काढतो, पाणी नाल्याला लावून देतो. त्याचं काहीच चुकत नाही. पण पाणी चार दिवसांत गेलं तर अंडी फुटून निघालेली पिल्लं तिथेच वाळतात. उन्हाळ्यात याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भेकं त्यांत दडून राहतात. म्हणजे निवारा उत्तम, पाळणा नाही. बांधीत उलटं. तिथे पाळणा आहे, पण चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरखाली निवारा उरत नाही. त्यासाठी धुरा पाहिजे, झुडपी पाहिजे, टेकडीचा पाला पाहिजे. एका बेडकाच्या आयुष्यात वावर आणि जंगल दोन्ही येतात, आणि मधली चालत जायची वाटही.

आणि कायमचं पाणी म्हणजे जास्त बेडूक, हाही माझा समज चुकीचाच निघाला. तलावात मासे असतात. मासे अंडी खातात, पिल्लं खातात. आटणाऱ्या डबक्यात मासा टिकत नाही, म्हणून तिथे पिल्लं वाचतात, फक्त घाईने मोठी व्हावी लागतात. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं तर मला बघवत नाही. आत पडलेला भेक रात्रभर त्या गुळगुळीत उतारावर चढतो आणि घसरतो. मी सांगितल्यावर मामाच्या मित्राने एका कोपऱ्यात जुनं पोतं सोडलं, दगड बांधून. खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी त्या पोत्यावर चार भेकं बसलेली होती.

मामाच्या वावराच्या कोपऱ्याला एक डबरा आहे. घर बांधताना तिथला मुरूम काढला होता, तो खड्डा. माझ्या वहीतली अर्धी पानं या डबऱ्याची. गेल्या उन्हाळ्यात मामा म्हणाला, “डबरा बुजवतो मी यंदा. ट्रॅक्टर वळत नाही तिथं.” मी काही बोलले नाही. वावर त्याचं, कर्ज त्याचं, रोवणीला बाया मिळत नाहीत ही अडचण त्याची. नागपूरहून चार दिवस येणाऱ्या भाचीने त्याला काय सांगावं? रात्री जेवताना त्यानेच विषय काढला. “किती दिवस पायजे तुया बेंडकायले पाणी? दिवस सांग मले.”

इतक्या नेमकेपणाने मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, लहान्याला महिनाभर, मोठ्या पिवळ्याला दीड महिना धर. तो हिशेब करत राहिला. मृगाचा पाऊस, मग पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, मग रोवणी. “म्हणजे जुलै निंगाला पायजे.” मग म्हणाला, बांधाकडची बाजू भरतो, तेवढ्यात ट्रॅक्टर वळते. बाकीचा राहू दे. अर्धा डबरा भरला गेला. मला तो अर्धा गेल्याचं दुःख आहे आणि ते मी लपवत नाही.

यंदा जूनअखेर पाऊस पडला, तीन रात्री आवाज झाला आणि मग त्याने दडी मारली. मी निघाले तेव्हा उरलेल्या डबऱ्यात वितभर पाणी होतं आणि काचेसारखी पारदर्शक पिल्लं, ज्यांचे फक्त डोळे आणि शेपटीची रेघ दिसते. नागपुरात रोज ऊन. शाळेतून येताना सिमेंट रस्त्याच्या कडेला एक भेक त्या उंच कठड्याला लागून चालत होता, चढायला जागा शोधत. त्याला उचलून पलीकडच्या बागेत ठेवलं. मामाला फोन करून पाणी किती उरलं विचारायचा मला धीर होत नव्हता. त्याची स्वतःची रोवणी खोळंबली होती.

तो फोन त्यानेच केला. कालव्याला पाणी सुटलं होतं, चारीचं तोंड त्याने आधी डबऱ्याच्या बाजूला फोडलं, मग बांधीला. हे सगळं त्याने सहज सांगितलं, मधे बियाण्याचा भाव आला, मामीचा गुडघा आला. ठेवता ठेवता म्हणाला, “आन बाई, तुया पोट्ट्यायले पाय फुटले वो.”

मी वही काढून तारीख लिहिली. एकोणिसावा दिवस. मागचेच असणार, पुढचे अजून यायचे आहेत.